न सुजलेल्या पायाचा शोध

गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास आरोग्य कर्मचाऱ्यांची जोडी दारोदार फिरताना दिसते. हातात विजेरी असते आणि काचपट्ट्यांची पेटी. जेवणे आटोपलेली असतात, दिवसभर बांधीत राबलेली माणसे खाटेवर कलंडलेली असतात. त्यांना उठवायचे, बोटावर स्पिरिटचा बोळा फिरवायचा, सुई टोचायची आणि रक्ताचे थेंब काचपट्टीवर पसरायचे. हे काम दिवसाउजेडी होत नाही. ज्याचा शोध घ्यायचा तो हत्तीरोगाचा सूक्ष्म कृमी दिवसा फुप्फुसांच्या खोल रक्तवाहिन्यांत दडून बसतो आणि रात्र चढू लागली की अंगभर फिरू लागतो.

काही महिन्यांनी त्याच दारात आशा ताई गोळ्या घेऊन उभ्या राहतात आणि तोच प्रश्न पुन्हा ऐकतात. “ताई, मले काय झालं जी? माझे पाय तं नीट आहेत. मी कायले गोळी खाऊ?”

प्रश्न रास्त आहे. ज्याचा पाय हत्तीच्या पायासारखा सुजला त्याला औषध द्यावे, हे कोणालाही पटते. धडधाकट माणसाने ते का घ्यावे? याचे खात्रीचे उत्तर माणसाच्या हाती यायला शंभराहून अधिक वर्षे लागली. ते आले सूक्ष्मदर्शकातून नव्हे, शस्त्रक्रियेतूनही नव्हे. ते आले एका काळ्या पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी उमटलेल्या न सुजलेल्या पायाच्या चित्रातून.

रोग मात्र फार जुना. सुश्रुताने त्याचे ‘श्लीपद’ म्हणून वर्णन केले आहे. तळी, नाल्या, ओल आणि डास यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. थंडी वाजून ताप भरायचा, जांघेत अवधाण यायचे, पायावरून लाल पट्टा उतरायचा, चार-सहा दिवसांत सारे ओसरायचे. काही महिन्यांनी पुन्हा तेच. प्रत्येक फेरीनंतर पाय थोडा जाड राहायचा आणि एके दिवशी तो कमी होईनासा व्हायचा. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी हवेला, कोणी नशिबाला.

पहिला धागा 1863 मध्ये पॅरिसमध्ये सापडला. दमार्के या शल्यवैद्याला क्यूबाहून आलेल्या रुग्णाच्या अंडवृद्धीतल्या पाण्यात सूक्ष्म, वळवळणारे जीव दिसले. 1866 मध्ये ब्राझीलमधील बाहिया येथे ओटो वुखेरर भलत्याच कृमीची अंडी शोधत होता. ती मिळाली नाहीत, पण दुधासारख्या पांढऱ्या लघवीत त्याला हेच जीव आढळले. 1872 मध्ये कोलकात्यात टिमोथी लुईसने ते थेट माणसाच्या रक्तात पाहिले. पण ही सारी पिले होती. त्यांची आई कोठे होती? 1876 च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनमध्ये जोसेफ बँक्रॉफ्टने एका गळवातून केसासारखा लांबट, पांढरा कृमी बाहेर काढला. वुखेरर आणि बँक्रॉफ्ट या दोघांची नावे पुढे त्या कृमीलाच चिकटली.

मग चीनच्या किनाऱ्यावरील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन नावाचा एक हट्टी स्कॉटिश डॉक्टर या कामाला लागला. 1877 मध्ये त्याने कृमी असलेल्या आपल्या माळ्याला एका झोपडीत झोपवले. दिवा लावून दार उघडे ठेवले, डास आत शिरू दिले आणि दार लावून घेतले. सकाळी भिंतींवर बसलेले, रक्ताने तट्ट फुगलेले डास पकडून त्याने ते एकेक करून चिरले. डासाच्या पोटात कृमी मेले असतील, असे कोणालाही वाटले असते. ते जिवंत होते आणि दिवसागणिक रूप बदलत वाढत होते. कीटकाच्या शरीरात माणसाचा रोग वाढतो, हे जगाने प्रथमच पाहिले. रक्तातले कृमी रात्रीच बाहेर पडतात, हेही मॅन्सननेच दाखवले. गोंदियाच्या खेड्यातली विजेरी तेव्हापासून पेटलेली आहे.

मॅन्सन एका ठिकाणी मात्र चुकला. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने रोग होतो, अशी त्याची समजूत होती. 1900 मध्ये जॉर्ज लो याने डासाच्या सोंडेतच कृमी दाखवला, तेव्हा ती चूक सुधारली. डास कळला, कृमी कळला. तो शरीरात कोठे घर करतो, तेही कळले: लसीकावाहिन्यांत. तरीही पाय नेमका का सुजतो आणि बिघाडाला आरंभ कधी होतो, हे अंधारातच राहिले, कारण ज्या वाटेवर हे घडत होते ती वाटच डोळ्यांना दिसत नव्हती.

रक्तवाहिनी लाल-निळी असते, हाताला ठोके देते. लसीकावाहिनी पाण्यासारखी पारदर्शक आणि केसासारखी बारीक असते. पेशींभोवती पाझरलेला द्रव गोळा करून ती तो जांघेतल्या, काखेतल्या गाठींमधून गाळत पुन्हा रक्तात आणून सोडते. धानाच्या बांधीतले जादा पाणी पाटाने काढून द्यावे तसेच हे काम आहे. या वाहिन्यांची पहिली ठळक ओळखही अपघातानेच झाली होती. 1622 मध्ये इटलीत गास्पारो असेल्ली एका कुत्र्याची चिरफाड करीत होता. कुत्रे नुकतेच पोटभर जेवलेले होते. आतड्यांवर पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे दिसले. त्याला वाटले, ते मज्जातंतूच असावेत. एक दोरा कापला आणि दुधासारखा द्रव ओघळला. उपाशी कुत्र्यात ते जाळे दिसलेच नसते.

माणसाच्या पायातली ही वाट उजेडात आणण्यासाठी आणखी तीन शतके गेली. 1952 मध्ये लंडनचे शल्यवैद्य जॉन किन्मथ यांनी पायाच्या बोटांच्या बेचकीत निळा रंग टोचला. त्वचेखालून एक निळी रेघ वर चढली. त्यांनी त्वचा चिरली, ती केसाएवढी वाहिनी शोधली, तिच्यात बारीक सुई सरकवली आणि क्ष-किरणांत दिसणारा द्रव आत सोडला. पायाचा अंतर्गत नकाशा कागदावर उतरला. हे मोठेच यश होते. पण त्यासाठी तासन्‌तास लागत, चिरा द्यावा लागे, आणि आधीच दुखावलेल्या वाहिनीत तो द्रव गेला की तिथला दाह भडकण्याची भीती असे. ज्याचा पाय सुजलेला आहे त्याच्यावरही ही परीक्षा करायला हात कचरे. मग ज्याला काहीच त्रास नाही, अशा शेतकऱ्याच्या धडधाकट पायावर सुरी कोण चालवणार? प्रश्न मात्र त्याच पायाचा होता.

इथे कथेचा दुसरा प्रवाह येऊन मिळतो आणि त्याचा उगम एका अपयशात आहे. 1911 च्या सुमारास मँचेस्टरमध्ये अर्नेस्ट रदरफर्ड यांनी जॉर्ज द हेवेशी या तरुण हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाला एक काम सोपवले. शिशाच्या ढिगातून त्यात मिसळलेले किरणोत्सारी ‘रेडियम-डी’ वेगळे काढायचे. हेवेशीने जंग जंग पछाडले आणि हरला. ते वेगळे होईना, कारण ते शिसेच होते, फक्त किरणे सोडणारे. दुसरा कोणी निराश होऊन निघून गेला असता. हेवेशीने अपयश उलटे धरून पाहिले. वेगळे काढता येत नसेल, तर ते खूण म्हणून वापरता येईल! साध्या शिशात चिमूटभर किरणोत्सारी शिसे मिसळले की शिसे जाईल तिथे त्याची खूण जाईल. 1923 मध्ये त्याने या युक्तीने घेवड्याच्या रोपात शिसे मुळापासून पानापर्यंत कसे चढते, ते दाखवले. सजीवाच्या आतली वाहतूक दिसू लागली. 1943 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याला याच कामासाठी मिळाले.

हीच युक्ती लसीकेला लावण्याचा प्रयत्न 1953 मध्ये झाला. शर्मन आणि टेर-पोगोशियन यांनी किरणोत्सारी सोन्याचे अतिसूक्ष्म कण ऊतींत टोचले आणि ते लसीकेच्या वाटेने गाठींपर्यंत पोचतात, हे सिद्ध केले. वाट सापडली, पण वाटसरू धोक्याचा निघाला. सोन्याची किरणे आसपासच्या पेशींना भाजून काढत. कर्करोगात ते चालून जाईल, निरोगी पायात कसे चालावे? हवा होता असा पदार्थ, जो बाहेरच्या कॅमेऱ्याला पुरेसा उजेड देईल, शरीराला फारसा त्रास देणार नाही आणि काम होताच विझून जाईल.

तो पदार्थ निसर्गात जवळपास नव्हताच. 1937 मध्ये बर्कलीहून मॉलिब्डेनमचा एक वापरलेला पत्रा टपालाने सिसिलीतील पालेर्मोला पोचला. एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांनी तो उकलला, तेव्हा आवर्तसारणीतली कित्येक वर्षे रिकामी असलेली 43 क्रमांकाची जागा भरली. माणसाने घडवलेले ते पहिले मूलद्रव्य होते. पुढे त्याला टेक्नेशियम हे नाव पडले. सेग्रे आणि ग्लेन सीबोर्ग यांनी लवकरच त्याचे सहा तासांत निम्मे होणारे रूप ओळखले, आणि मग ते वीस वर्षे प्रयोगशाळेतले एक कुतूहल बनून पडून राहिले.

त्याला जाग आणली ती एका भेसळीने. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन आयोडीन देणारी यंत्रणा बनवत होते. त्यांच्या आयोडीनमध्ये कसलीतरी अशुद्धी पुन्हा पुन्हा उतरत होती. ती फेकून देण्याऐवजी त्यांनी तिचा माग काढला. ते होते टेक्नेशियम. मॉलिब्डेनममधून ते सतत उपजत होते आणि धुवून काढले की काही तासांनी पुन्हा साचत होते. लोकांनी या यंत्रणेला गायीचे नाव दिले. रोज सकाळी तिचे दूध काढायचे, दुसऱ्या दिवशी कास पुन्हा भरलेली! पॉवेल रिचर्ड्स यांना त्यात वैद्यकाचे भविष्य दिसले. पण या पदार्थाला पुरेशी बाजारपेठ दिसत नाही, म्हणून त्याच्या पेटंटचा प्रस्तावही पुढे गेला नाही. ज्याला गिऱ्हाईक नाही असे ठरले होते, ते पुढे जगभरच्या अण्वौषध विभागांतले सर्वांत जास्त वापरले जाणारे द्रव्य ठरले. त्याच सुमारास बर्कलीत हॅल अँगर यांनी शरीरातून येणारे गॅमा किरण टिपून त्यांचे चित्र उमटवणारा कॅमेरा घडवला. दिवा आणि डोळा दोन्ही तयार झाले.

भारत या वाटेवर मागे राहिला नाही. 4 ऑगस्ट 1956 रोजी तुर्भ्याला ‘अप्सरा’ अणुभट्टी धडधडू लागली. 1963 मध्ये परळला टाटा रुग्णालयाच्या आवारात, पुढे भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचे किरणोत्सर्ग वैद्यक केंद्र उभे राहिले. अणूचे नाव काढले की ज्या देशाला हिरोशिमा आठवत होते, तिथे तो अणू कंठग्रंथीच्या आणि हाडांच्या दुखण्यांवर कामाला लागला. विदर्भातही हत्तीरोगाचा पाठलाग चालू होता. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बी. सी. हरिनाथ आणि त्यांचे सहकारी रक्तातल्या प्रथिनांवरून लपलेल्या कृमीचा सुगावा लावण्याच्या खटपटीत अनेक वर्षे खपले.

आता परीक्षा साधी झाली होती. रुग्णाला टेबलावर निजवायचे. पायाच्या बोटांच्या बेचकीत, जिथे किन्मथनी निळा रंग टोचला होता तिथेच, बारीक सुईने टेक्नेशियम जोडलेल्या कणांचा थेंबभर द्रव सोडायचा. क्षणभर झोंबते. चिरा नाही, टाका नाही. कॅमेरा पायावरून हळूहळू वर सरकतो. निरोगी पायात पडद्यावर घोट्यापासून जांघेपर्यंत एक सडसडीत रेघ उमटते आणि वर गाठींचे चार-दोन ठिपके उजळतात. सुजलेल्या पायात ती रेघ हरवते, उजेड त्वचेखाली शाई सांडावी तसा पसरतो. या परीक्षेला ‘लिम्फोसिंटिग्राफी’ म्हणतात. तमिळनाडूत डॉ. एस. जमाल आणि अमेरिकेतील ॲरिझोनाचे विट दांपत्य यांच्या चमूने हत्तीरोगाच्या रुग्णांची अशी चित्रे काढून 1993 मध्ये प्रसिद्ध केली. दुखऱ्या पायाचे अंतरंग भारतीय रुग्णांत असे उलगडले.

पण निर्णायक क्षण यायचा होता तो ब्राझीलच्या रेसिफे शहरात, ज्या देशात वुखेररने हे जीव पाहिले होते त्याच देशात. अमेरिकेचे डेव्हिड फ्रीडमन आणि त्यांचे ब्राझिलियन सहकारी यांनी तोवर कोणाला फारशी न सुचलेली गोष्ट केली. ज्यांच्या रक्तात कृमी होते, पण ज्यांचे पाय अगदी ठीक होते, ज्यांना ना ताप आला होता ना सूज, अशा माणसांना त्यांनी कॅमेऱ्याखाली निजवले. ठोकताळा सरळ होता. कृमी मेला की दाह होतो, दाहाने वाहिनी तुंबते, तुंबल्यावर पाय सुजतो. म्हणजे ज्याचा पाय सुजला नाही, त्याची वाहिनी धड असलीच पाहिजे. पडद्यावर सडसडीत रेघ यायला हवी होती.

ती आली नाही.

बाहेरून नितळ, बळकट, कामाला तरबेज असलेल्या त्या पायांच्या आतली वाट बिघडलेली होती. वाहिन्या रुंदावल्या होत्या, प्रवाहाची चाल बदलली होती. 1994 आणि 1995 मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि एक जुनी समजूत कोसळली. सूज हा रोगाचा आरंभ नव्हता, तो फार उशिरा येणारा अंक होता. माणूस स्वतःला निरोगी समजून शेतात राबत होता, लग्नकार्यात नाचत होता, तेव्हाच त्याच्या पायातला पाट सैल होऊन त्याचे दरवाजे, म्हणजे वाहिनीतल्या झडपा, निकामी होऊ लागले होते.

त्याच शहरात, त्याच 1994 साली, आणखी एक अचंबा घडला. फर्नांडो अमराल, जेरूसा ड्रेयर आणि त्यांचे सहकारी ध्वनिलहरींच्या यंत्राने, म्हणजे सोनोग्राफीने, कृमीबाधित पुरुषांच्या अंडकोशातील लसीकावाहिन्या न्याहाळत होते. पडद्यावर काहीतरी अखंड वळवळत होते. ते रक्त नव्हते, स्नायूही नव्हता. जिवंत माणसाच्या शरीरात जिवंत कृमींचे घरटे हालत होते! शास्त्रज्ञांनी त्याला कृमीचा नाच म्हटले. ज्या वाहिनीत हा नाच चालला होता ती तुंबलेली नव्हती, फुगून सैल झाली होती. नाली तुंबल्याची शंभर वर्षांची उपमा मोडली. जिवंत कृमी वाट सैल करतो, मेलेला कृमी दाह पेटवतो, आणि पाण्याचा निचरा नीट न होणाऱ्या त्या पायात मग जंतू शिरले की तापाच्या फेऱ्या सुरू होतात.

हे जंतू शिरतात कोठून? ड्रेयर यांनी रुग्णांचे पाय जवळून पाहिले आणि बोटांच्या बेचक्या तपासल्या. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून बायकांच्या पायांना चिखल्या होतात, बेचकीतली कातडी पांढरी पडून फुटते. जंतूंना तेवढी फट पुरेशी असते. पाय रोज साबणाने धुवावा, बेचक्या फडक्याने टिपून कोरड्या कराव्यात, भेगेला मलम लावावे, एवढ्या साध्या उपायाने तापाच्या फेऱ्या कमी होतात, हे त्यांनी दाखवून दिले. आज महाराष्ट्रात हत्तीपायाच्या रुग्णाला बादली, साबण आणि मलम देऊन पाय धुण्याचे जे शिक्षण दिले जाते, त्याचे मूळ या निरीक्षणात आहे.

एक प्रश्न उरला होता आणि तो सर्वांत काळजाचा होता. आतली बिघडलेली वाट पुन्हा सावरते का? उत्तर केरळातून आले. आलप्पुळा येथील वैद्यकीय महाविद्यालयात आर. के. शेणॉय, टी. के. सुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृमीबाधित लहान मुलांचे पाय कॅमेऱ्याखाली आणले. तिथला कृमी थोडा वेगळा, पण त्याच कुळातला. शाळेत जाणाऱ्या, अंगणात धावणाऱ्या मुलांच्या पायांतही वाहिन्या रुंदावलेल्या निघाल्या. हत्तीरोग हा प्रौढांचा रोग नव्हे, त्याचे बीज बालपणी पडते, हे चित्रांनी ठणकावून सांगितले. मग मुलांना ठराविक काळाने गोळ्या दिल्या, त्याच गोळ्या, ज्या मोहिमेत गावोगावी वाटतात. पुन्हा चित्रे काढली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी सर्वांना दिलासा दिला. बऱ्याच मुलांच्या पायांतली ती रुंद, थकलेली रेघ पुन्हा बारीक झाली होती. वेळेवर पोचलेली गोळी केवळ कृमीला मारत नव्हती, पायाची वाटही सावरत होती.

जगाने 2000 मध्ये हत्तीरोग हटवण्याची मोहीम उभी केली. भारतात 2004 पासून प्रवण जिल्ह्यांत सगळ्यांना एकाच वेळी गोळ्या देणे सुरू झाले. डीईसी आणि अल्बेंडाझोल, आणि पुढे काही जिल्ह्यांत त्यांच्या जोडीला उंची मोजून दिली जाणारी आयव्हरमेक्टिन. या तिहेरी औषधाच्या देशातील पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत नागपूर होता. दोन वर्षांखालील बाळे, गर्भवती आणि गंभीर आजारी माणसे सोडून बाकी साऱ्यांनी गोळी घ्यायची, कारण कोणाच्या रक्तात रात्री कृमी फिरतो आणि कोणाच्या पायातली वाट सैल होऊ लागली आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. गावोगावच्या प्रत्येक पायाचे चित्र काढता येणार नाही. काही मोजक्या पायांची चित्रे काढली गेली, म्हणून बाकीच्यांच्या वाट्याला गोळी आली.

वैनगंगेच्या खोऱ्यातल्या त्या दारात आशा ताई अजून उभ्या आहेत. त्यांच्या पिशवीत ना गॅमा कॅमेरा आहे, ना टेक्नेशियम. पण हेवेशीचे हरणे, टकर आणि ग्रीनची भेसळ, रेसिफेच्या पडद्यावर न उमटलेली ती सडसडीत रेघ आणि केरळातल्या एका मुलाच्या पायात परत आलेली तीच रेघ, हे सारे त्या पिशवीतल्या गोळ्यांबरोबर दारापर्यंत आले आहे. “तुमचे पाय नीट आहेत ना, भाऊ? ते नीट आहेत तवरच खायची आहे गोळी,” त्या म्हणतात. भाऊ पाण्याचा गडू मागवतो. ताईंच्या समोर गोळ्या गिळतो आणि त्याच्या बोटावर शाईची खूण उमटते.